गाणं लागलं की फीट येते, त्याचं काय?



वारणानगर-कोडोली भागातल्या वस्त्यांमध्ये फीटच्या आजारावर बोलायला बसलो की बहुतेक प्रश्न ठरलेले असतात. गोळ्या किती वर्षं घ्यायच्या, मुलीचं लग्न होईल का, कांदा हुंगवावा का. पण मधूनच एखादी मावशी हळूच विचारते, "ताई, आमच्या सुनेला बाकी वेळेला काही होत नाही. एक ठरावीक गाणं लागलं की ती बघत राहते, तोंड चावल्यासारखं करते आणि पडते. हे काय असतं?" शेजारची लगेच म्हणते, "अंगात येत असेल." तिसरी म्हणते, "काम चुकवायची नाटकं." या दोन्ही उत्तरांनी त्या सुनेचं नुकसान होतं. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे.

आधी फीट म्हणजे काय ते थोडक्यात. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीक विजेच्या इशाऱ्यांनी बोलतात. एखाद्या भागातल्या पुष्कळ पेशी एकाच वेळी, बेताल होऊन इशारे सोडू लागल्या की फीट येते. कोणी फेफरं म्हणतं, कोणी आकडी, कोणी मिरगी. वैद्यकात अपस्मार म्हणतात. बहुतेकांना ती कधी येईल याचा नेम नसतो. काही थोड्या लोकांना मात्र ठरावीक गोष्टीने येते. लुकलुकणाऱ्या दिव्याने येणारी फीट पुष्कळांनी ऐकलेली असते. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, विशेषतः म्हैसूर-बंगळूरच्या बाजूला, डोक्यावरून कढत पाणी ओतून अंघोळ करताना येणारी फीट डॉक्टरांनी कित्येक वर्षं अभ्यासली आहे. जेवताना येणारी फीटही आपल्या देशात नोंदली गेली आहे. संगीताने येणारी फीट याच घराण्यातली, पण फार क्वचित दिसणारी.

तिला स्वतंत्र नाव मिळालं १९३७ साली. मॅकडोनाल्ड क्रिचली या इंग्रज मेंदूविकारतज्ज्ञाने अशा रुग्णांचा अभ्यास मांडला आणि 'म्युझिकोजेनिक एपिलेप्सी' हा शब्द वापरला. म्हणजे संगीतातून उपजणारा अपस्मार. २००८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका तरुणीची बातमी जगभर छापून आली होती. त्या काळात सगळीकडे वाजणारं एक नाचाचं गाणं कानावर पडलं की ती कोसळायची. पुढे चर्चमधल्या गाण्यानेही तसं होऊ लागलं, तेव्हा तिला गाणारा गट सोडावा लागला. गोळ्यांनी आराम पडेना म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि तिचं आयुष्य रुळावर आलं.

वारणानगरचं नाव साखर कारखाना आणि दूध संघामुळे जसं माहीत आहे, तसंच तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या बालवाद्यवृंदामुळेही. अशा गावात कोणी म्हणालं, की संगीताने आजार होतो, तर ते पटायला जड जाईल, आणि ते खरंही नाही. संगीत हा आजार निर्माण करत नाही. मेंदूत एक जागा आधीच नाजूक झालेली असते, बहुतेक वेळा कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या भागात, आणि पुष्कळदा उजवीकडे. ऐकणं, जुनी आठवण आणि भावना यांचा संबंध याच भागाशी येतो. गाणं त्या नाजूक जागेला डिवचतं. त्यामुळे पोरांना वाद्य शिकायला पाठवायचं की नाही, अशी धास्ती कोणी घेऊ नये.

आवाज मोठा असला तरच अशी फीट येते, असंही नाही. डीजेच्या भिंतीसमोर काही होणार नाही आणि रेडिओवरच्या संथ गाण्याने होईल. कोणाला एकाच गायकाचा आवाज चालत नाही, कोणाला एकच वाद्य. कोणाला आईच्या तोंडची ओवी किंवा लहानपणापासून मनात रुतलेलं भीमगीत. काहींना तर गाणं नुसतं मनात घोळवलं तरी त्रास होतो. दिव्याने येणारी फीट जवळपास लगेच येते. गाण्याची फीट पुष्कळदा गाणं सुरू होऊन काही मिनिटं गेल्यावर येते. म्हणूनच घरच्यांच्या लक्षात दोन्हीचा संबंध येत नाही.

आणि ही फीट नेहमी हातपाय झाडणारी नसते. पोटातून छातीकडे काहीतरी चढतंय असं वाटतं, अंगावर काटा येतो, एकदम भीती वाटते, "हे आधी घडलंय" असं वाटतं. मग नजर एका जागी थिजते. हाक मारली तर ओ देत नाही. ओठ चाटणं, चावल्यासारखं करणं, पदराशी चाळा करणं सुरू होतं. एक-दोन मिनिटांत संपतं. नंतर माणूस गोंधळलेला असतो, आपण कुठे आहोत ते त्याला पटकन उमगत नाही. कधी कधी तीच फीट पसरून सगळं अंग ताठ होतं आणि झटके येतात.

आता अंगात येण्याबद्दल. आपल्या पन्हाळा तालुक्यातच जोतिबाचा डोंगर आहे. चैत्राची यात्रा, ढोल, हलगी, गुलाल आणि घुमणारी माणसं हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आपल्या घरांनी ते सोडलं असलं तरी शेजारपाजारच्या बोलण्यातून ते आत येतंच. त्यामुळे हलगी वाजताना कोणी पडलं की पहिला अंदाज तोच बांधला जातो.

नीट पाहिलं तर फरक कळू शकतो. घुमणारी बाई बहुतेक वेळा वाद्याच्या ठेक्यावर डोलते, केस मोकळे सोडते, बोलते, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते, आणि वाद्य थांबलं की हळूहळू शांत होते. फीट आलेल्या माणसाच्या हालचालींचा ठेक्याशी काही संबंध नसतो. हलगी बंद केली तरी सुरू झालेला झटका आपली वेळ घेऊनच थांबतो. डोळे बहुधा उघडे असतात. जीभ चावली जाते, लघवी होऊ शकते, पडताना लागतं. नंतर झोप, डोकेदुखी, अंगदुखी.

तिसरा प्रकारही असतो. मनावरचा ताण, मारहाण, दडपलेलं दुःख यातून फीटसारखे झटके येतात. त्यात डोळे सहसा मिटलेले असतात, झटका बराच वेळ चालतो, कमीजास्त होत राहतो. यालाही नाटक म्हणू नये. ती बाई मुद्दाम करत नसते, तिलाही उपचार लागतो, फक्त तो वेगळा असतो. काही जणांमध्ये दोन्ही एकत्र असतात. घरबसल्या निवाडा करण्यापेक्षा मोबाइल काढा आणि पूर्ण झटक्याचा व्हिडिओ घ्या. चेहरा, डोळे आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, आणि मागे वाजणारा आवाजही त्यात आला पाहिजे. हा व्हिडिओ फक्त डॉक्टरला दाखवायचा आहे. गटावर टाकायचा नाही.

देवऋषाकडे नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, पायतण भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे, वर दंड. तक्रार पोलीस ठाण्यात घ्यावी लागते.

आता मुख्य प्रश्नाकडे. मेंदूतली ती जागा नाजूक का होते? लहानपणी आलेला जोराचा ताप, डोक्याला मार, बाळंतपणात बाळ गुदमरणं, मेंदूतली गाठ, ही कारणं असू शकतात. पण गेल्या काही वर्षांत आणखी एक कारण पुढे आलं आहे. २०१८ मध्ये स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी आणि त्यानंतर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी नोंदवलं, की संगीताने फीट येणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात एक खास अँटीबॉडी मोठ्या प्रमाणात सापडते. तिचं नाव गॅड ६५ अँटीबॉडी.

हे समजायला सोपं आहे, थोडा धीर धरा. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. अँटीबॉडी ही त्या फौजेची हत्यारं. कधी कधी ही फौज चुकते आणि आपल्याच शरीराच्या एखाद्या भागाला शत्रू समजते. संधिवाताचा एक प्रकार, थायरॉइडचे काही आजार, अंगावरचे पांढरे डाग हे अशा चुकीतून होतात. मेंदूही त्यातून सुटत नाही.

मेंदूत ग्लुटामेट नावाचं रसायन पेशींना चेतवतं आणि गाबा नावाचं रसायन त्यांना शांत करतं. गाबा तयार होतं ग्लुटामेटपासूनच. उसाच्या रसाची साखर करायला जशी कारखान्यातली यंत्रं लागतात, तसं ग्लुटामेटचं गाबा करायला एक यंत्र लागतं. ते यंत्र म्हणजे गॅड. शरीराची फौज याच यंत्राच्या विरोधात उठली, की मेंदूचा ब्रेक कमजोर पडतो आणि फीट येऊ लागतात. ही अँटीबॉडी स्वतः बिघाड करते, की फौज बिघडल्याची ती फक्त खूण आहे, यावर शास्त्रज्ञांची चर्चा अजून चालू आहे. पण ती मोठ्या प्रमाणात सापडली तर उपचाराची दिशा बदलू शकते, म्हणून तिचं महत्त्व.

हेच गॅड आपल्या स्वादुपिंडातही असतं, जिथे इन्सुलिन तयार होतं. त्यामुळे लहान वयात होणारा, पहिल्या दिवसापासून इन्सुलिन लागणारा मधुमेह आणि ही अँटीबॉडी यांचं नातं आहे. अशा मधुमेहात ती बहुधा थोड्या प्रमाणात असते. मेंदूच्या आजारात ती सहसा खूप जास्त असते. आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीत होणारी नेहमीची साखर वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही. दुसरं असं, की इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला साखर खूप उतरल्यानेही फीट येते. म्हणून अशा रुग्णाला झटका आला की पहिल्यांदा बोटाच्या रक्तातून साखर तपासावी. बेशुद्ध असेल तर तोंडात साखर-पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं.

संशय कधी घ्यायचा? आधी कधीच फीट नव्हती आणि मोठेपणी अचानक सुरू झाली, आठवड्यात वाढत गेली, गोळ्या नियमित घेऊनही आवरेना. सोबत विसरायला होऊ लागलं, स्वभाव बदलला. स्वतःला किंवा घरात कोणाला थायरॉइड, पांढरे डाग, इन्सुलिनचा मधुमेह आहे. अशा वेळी "फौजेचा आजार असू शकेल का, अँटीबॉडीची तपासणी करायची का?" हे डॉक्टरला विचारा. विचारायला लाजू नका. आमच्या नर्सिंगच्या दिवसांत हा शब्दही वॉर्डात कानावर पडत नव्हता. आज पडतो, पण रुग्ण विचारत नाही तोवर तो फाइलपर्यंत पोचेलच असं नाही.

याच जातीतला एक दुसरा आजार आहे, तो २००७ मध्ये ओळखला गेला. त्यात तरुण मुली जास्त सापडतात. चांगली शिकणारी, हसणारी पोर काही दिवसांत विचित्र बोलू लागते, झोपत नाही, कोणीतरी मारायला येतंय म्हणते, तोंड वेडंवाकडं करते, मग फीट येतात, मग बोलणंच थांबतं. घरचे म्हणतात बाहेरची बाधा. एनएमडीए नावाच्या मेंदूतल्या भागावर शरीराची फौज चालून गेलेली असते. काही मुलींमध्ये त्याचं मूळ अंडाशयातल्या गाठीत असतं. वेळेत ओळखलं तर यातल्या बहुतेक मुली बऱ्या होतात. बंगारा बांधण्यात, उतारा टाकण्यात गेलेला एकेक आठवडा इथे महाग पडतो.

हे वाचून प्रत्येक फीटमध्ये अँटीबॉडी शोधत बसू नका, हेही तेवढंच सांगायचं आहे. ही तपासणी हजारोंच्या घरात जाते आणि बहुतेकांना तिची गरज नसते. आपल्या देशात एक कोटीहून जास्त लोकांना अपस्मार आहे. मोठेपणी नव्याने फीट सुरू झाली तर आपल्याकडचं एक मोठं कारण म्हणजे मेंदूत गेलेल्या फीतकृमीच्या अळ्या. अस्वच्छ हातातून, नीट न धुतलेल्या भाजीतून तिची अंडी पोटात जातात. शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. पाण्याचा नळ आणि संडास नसलेल्या वस्तीत तो जास्त होतो, आणि याचं उत्तर ग्रामपंचायतीकडे मागायला हवं. गरोदर बाईला फीट आली तर वेगळंच प्रकरण, तिला एक मिनिट न घालवता दवाखान्यात न्यायचं.

दवाखान्यात जाताना काय न्यायचं? एक साधी वही. तारीख, वेळ, आधी काय चाललं होतं, कोणतं गाणं, किती मिनिटांनी त्रास सुरू झाला, किती वेळ टिकला, रात्री झोप झाली होती का, गोळी चुकली होती का, पाळी होती का. शेवटच्या गोष्टी मुद्दाम लिहा. जयंतीच्या रात्री पडलेल्या माणसाला गाण्यानेच फीट आली असं आपण धरून चालतो. पण त्याची दोन रात्रींची झोप गेलेली असते, मिरवणुकीच्या धावपळीत गोळी राहिलेली असते, कधी दारूही असते. ही कारणं गाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडतात. शांत दुपारी, पोटभर झोपलेल्या माणसाला तेच गाणं लागल्यावर पुन्हा पुन्हा तसंच होत असेल, तर मात्र गाण्यावर बोट ठेवता येतं. ते गाणं मोबाइलमध्ये घेऊन जा. डॉक्टर ईईजीची तपासणी चालू असताना ते वाजवून मेंदूतली वीज कशी बदलते ते पाहू शकतात. घरी कोणी हा प्रयोग करून बघू नये.

सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यातून करा, तिथून कोल्हापूरच्या सीपीआरची चिठ्ठी घ्या. पुढे मेंदूविकारतज्ज्ञाची गरज लागली तर पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

उपचारात पहिली फीटच्या नेहमीच्या गोळ्या. योग्य गोळ्या नियमित घेतल्या तर अपस्माराच्या शंभरातल्या सत्तर जणांची फीट थांबू शकते. गाण्याने येणारी फीट यापेक्षा हट्टी असते, कारण या लोकांना बहुधा गाण्याशिवायही अधूनमधून फीट येतात. म्हणून नुसतं गाणं टाळून भागत नाही. अँटीबॉडी सापडली तर फौजेला आवर घालणारी औषधं देतात. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन. गॅडच्या आजारात त्यांचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही, पण लवकर सुरू केलेलं बरं. बरं वाटलं म्हणून कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. एकदम बंद केली तर थांबता न थांबणारी फीट येते आणि त्यात जीव जाऊ शकतो.

फीट येताना गाणं बंद करा किंवा माणसाला तिथून बाजूला घ्या. सुरुवातीची चाहूल लागताच उठून गेल्याने काहींची फीट टळते. पडलाच तर डोक्याखाली मऊ काही द्या, गळ्याजवळचं सैल करा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नको. चप्पल, कांदा, किल्ल्यांचा जुडगा यांनी फीट थांबत नाही. ती आपोआप दोन-तीन मिनिटांत थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. आपल्याच माणसाच्या नाकाला चप्पल लावायची, हे आपल्या वस्त्यांत तरी आता बंद व्हायला हवं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी चुलीपाशी, विहिरीवर, वारणेच्या घाटावर त्याला एकट्याला सोडू नये. न्हाणीला आतून कडी लावू नये. मंडळाच्या पोरांना आमची विनंती आहे, की वस्तीतल्या कोणाला गाण्याचा किंवा लुकलुकणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो हे जयंतीच्या आधीच विचारून ठेवा. त्या घरासमोर पाच मिनिटं सिस्टीम बंद ठेवली तर मिरवणुकीचं काही बिघडत नाही.

राहिला लग्नाचा प्रश्न. हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्ध समाजालाही लागू आहे. त्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारा अपस्मार वेडाच्या शेजारी बसवला होता, आणि त्या कारणाने लग्न रद्द करून मागता येत होतं. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. म्हणजे फीट आहे एवढ्यावरून आज कोणाचं लग्न बेकायदा ठरत नाही. मात्र आजार लपवून लग्न केलं तर पुढे फसवणुकीचा आरोप होऊ शकतो, आणि लपवलेल्या गोळ्या सासरी चोरून घ्याव्या लागतात, म्हणजे चुकतातच. बोलणी चालू असतानाच सांगा, कागदपत्रं दाखवा. पुण्यात संवेदना फाउंडेशन हा अपस्मार असलेल्यांचा स्वमदत गट आहे, तिथे अशा मुलामुलींची लग्नं जुळवायलाही मदत होते.

लग्न ठरलेल्या मुलींनी आणखी एक करायचं. आपल्या पाकिटावर व्हॅलप्रोएट लिहिलं आहे का ते बघा, नाहीतर आशाताईला बघायला सांगा. या गोळीने पोटातल्या बाळाला व्यंग येण्याचा धोका वाढतो. गोळी लगेच फेकू नका. दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरकडे जाऊन ती बदलता येते का विचारा आणि फॉलिक ॲसिड सुरू करून घ्या.